उणे अठरा

रात्री साडेअकराला लासिसीबाबांचा फोन आला:
"प्रोफेसर, तुमचा फ्रीज रडतोय."

वीज दुपारीच गेलेली.
विभागाच्या जनरेटरचं डिझेल
गेल्या महिन्यात कुणीतरी
कुणाच्या तरी लग्नाला नेलं,
आणि माझ्या तक्रारीच्या पत्राला
अजून आवक क्रमांक पडलेला नाही.

बँकोले समुद्रात, तेलाच्या जहाजावर.
अजून एकवीस दिवस.
इरेती म्हणाली, मी थांबते आजीपाशी, तू नीघ.
फेरान्मीने झोपेतच माझी बाही धरली होती.
ती सोडवत बसण्यापेक्षा
त्यालाच उचलणं सोपं होतं.

इबादानच्या अंधारात गाडी चालवताना
मागे थंडपेट्यांचं थर्माकोल चुरचुरत राहिलं.
एकीवर अजून त्याच्या वाढदिवसाचा फुगा चिकटलेला,
हवा गेलेला.

प्रयोगशाळेत लासिसीबाबांनी बॅटरी धरली,
माझ्याकडे नाही, छताकडे,
म्हणजे उजेड सगळ्यांना मिळतो म्हणे.
सात वर्षांची कसाव्याची पानं.
पिवळी पडलेली, मुरडलेली,
चिमटीएवढ्या नळ्यांत, माझ्याच अक्षरात.
पेट्या दोनच.

बढतीचा शोधनिबंध ज्यांच्यावर उभा आहे
ती पानं पुढच्या हंगामात पुन्हा तोडता येतील.
(तोवर मी तिथेच असेन, त्याच खुर्चीत.)
साकीच्या अल्हाजा रफातूचं शेत मात्र
आता कुठेच नाही.
तिथे पेट्रोलपंप आहे.
मी साकी उचललं.
फेरान्मी टेबलाखाली माझ्या कोटावर झोपला होता,
त्यालाही उचललं.

घरचा फ्रीजर गच्च भरलेला.
सासूबाईंचे बांगडे, रविवारच्या पाहुण्यांसाठी,
एकावर एक, कडक, डोळे उघडे.
काठी टेकत त्या दाराशी आल्या.
"मासे की पाला?" एवढंच विचारलं.
मी गप्प राहिले.
माझ्या हातातल्या पेटीतून पाणी ठिबकत होतं.
त्यांनी डोक्याला फडकं बांधलं
आणि गॅस पेटवला.

रात्री दीड वाजता आमच्याकडे मासे तळले जात होते.
आमच्या छोट्या जनरेटरच्या धडधडीबद्दल
भांडायला म्हणून आलेल्या मिसेस एकानेम
स्टुलावर बसून तिसरा तुकडा खात होत्या
आणि तिखट कमी आहे म्हणत होत्या.
इरेती गणिताच्या वहीने वारा घालत होती.
मी एका कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत होते,
एकशे बारा, त्यातली एकोणचाळिसावी.
प्रश्न चौथा: पांढऱ्या माशीमार्फत
विषाणूचा प्रसार कसा होतो?
त्यावर तेलाचा थेंब उडाला.
शेजारी मी लाल शाईने लिहिलं, क्षमस्व,
आणि अर्धा गुण जास्त दिला.
उत्तर तसं बरंच होतं.

उणे ऐंशीची सवय असलेली पानं
उणे अठरात निजवली.
हे शास्त्राला धरून नाही, मला माहीत आहे.
शास्त्राला म्हणावं, येताना डिझेल घेऊन ये.

सहाला वीज आली. सगळी गल्ली ओरडली.
फेरान्मी बर्फाच्या कांडीसाठी फ्रीजर उघडून
उभाच राहिला.
"हे कोण आहेत?"
साकीचे आहेत, मी म्हटलं.
"किती दिवस राहणार?"
खरं उत्तर आजवर मी
अनुदान समितीलाही दिलेलं नाही.
बघू, म्हटलं.
त्याने आपली कांडी कडेला सरकवली
आणि दार हळूच लावलं.

आठला तास होता.
तीनदा हात धुतले,
खडूला तरी वास लागलाच.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
"मॅडम, आज डब्यात काय?"