टिकली

पहाटे साडेपाचला परळच्या मागच्या फाटकाशी
ताहेरचा टेम्पो लागतो,
आणि मी मोजून घेते: साठ डझन, नऊ दिवसांची.
फाटकाबाहेर भुर्जीची गाडी लावणारा निहाल
रोज तेच विचारतो,
'ताई, एवढी अंडी आणि एक प्लेट नाही?
धंदा चालतो तरी कसा तुमचा?'
मी हसते. काय सांगू,
सहा वर्षं तोट्यातच आहे.

काळोख्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरायचं.
कवच लाल होतं, तळव्यामागे टॉर्च लावावा तसं.
शिरांचं जाळं, आणि जाळ्यात
मोहरीएवढं काहीतरी, दचकत राहणारं.
दचकत असेल तर ठेवायचं.
थांबलेलं डाव्या हाताच्या ट्रेमध्ये.
मग पेन्सिलची फुली,
फुलीवर भोक,
भोकातून ताप.

हो, तापच. बाटलीवर नाव वेगळं आहे,
अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरासारखे,
पण घाईत असल्या की केणी मॅडमही म्हणतात,
'सुगंधा, तो ताप काढ गं फ्रीजरमधून.'
वरून मेणाचा थेंब.
तीन दिवस उबेत, एक रात्र थंडीत.
वाढवायचं ते मारण्यासाठी,
आणि मारायचं अशा बेतानं
की त्याचा चेहरा शाबूत राहावा.
रक्ताला पुढे तो ओळखता आला पाहिजे.

लस हा शब्द मला आधी जखमेतून कळला.
गुडघा फुटला की आई म्हणायची, खाजवू नको, लस येईल.
तिच्या तोंडावर वण होते,
ओल्या सिमेंटात वाटाणे दाबून काढावेत तसे.
देवी आल्या होत्या तिला. माझ्या काढल्या.
आल्या तरी देवी, काढल्या तरी देवी,
फरक एवढाच, की माझ्या दंडावर नाण्याएवढी खूण
आणि तिच्याकडे घरात आरसा नव्हता.

पहिलं बी उंदरांत चाललं, फेरेटांत नाही.
दुसरं फेरेटांत चाललं, पण अंड्यात वाढेना.
तिसऱ्या खेपेला जोडून सुट्टी आली नि कंप्रेसर बसला.
वॉचमन पाटणे रात्री अकराला
लग्नात धूर सोडणाऱ्या डेकोरेटरला उठवून
दोन पोती कोरडा बर्फ घेऊन आला.
चौदा कुप्या वाचल्या.
आजची त्यांतलीच.

समोर थाळी. शहाण्णव खड्डे.
प्रत्येकात कोंबडीच्या रक्ताचा थेंब,
मेलेला ताप,
आणि कुणा माणसाच्या रक्तावरचं पाणी.
अर्धा तास हात लावायचा नाही.
ताप मोकळा असेल तर रक्त पसरतं,
पुसलेल्या कुंकवासारखं.
कुणी त्याला धरून ठेवलं असेल
तर ते गुपचूप तळाशी जाऊन बसतं,
गोल, घट्ट.
टिकली.

एक्केचाळीस नंबरचा माणूस मी पाहिलेला नाही.
कागदावर एवढंच: पुरुष, बावन्न, भोईवाडा, घड्याळदुरुस्ती.
सुई टोचण्याआधीची त्याची ओळ
सगळी पुसलेली.
अठ्ठाविसाव्या दिवसाची:
टिकली. टिकली. टिकली. टिकली.
पाचव्या खड्ड्याशी मी अडते.
अशा वेळी थाळी तिरकी करायची असते.
खरी टिकली ओघळते,
डोळ्यातून यावं तशी, एका रेषेत.

ओघळली.

केणी मॅडम बेरीज करतात: साठातले सदतीस.
'पुरेसं नाही,' म्हणतात, आणि चष्मा पुसतात,
मग पुन्हा तोच चष्मा पुसतात.
भिंतीवरच्या नकाशात तोवर कुठेतरी
तापानं कपडे बदललेले असतात.

बाहेर निहाल तवा खरवडतोय.
'काय ताई, खपलं का काही?'
'सदतीस.'
'बस?'
'उद्या सत्तर डझन मागवलीत,' मी म्हणते.