तीन रात्रींचं घर

शहागंजात, घड्याळामागच्या बोळात,
अत्तरवाल्याच्या डोक्यावर दुसरा मजला.
किल्ली मीटरच्या पेटीत.
जिना इतका अरुंद की बॅग पुढं, मी मागं.

फ्रिजवर चिकटवलेला कागद:
गीझर वीस मिनिटं. चपला बाहेर.
गच्चीचं दार ओढून घेणे, माकडं येतात.
खाली सही, तसनीम काझी.

मी उदगीरहून पेपर तपासायला आलेले.
फडताळात कुणाचं तरी उरलेलं मीठ,
आणि चौकटीशेजारी, रंगाखालून वर आलेल्या
पेन्सिलच्या रेघा:
झैद सात वर्षं. झैद आठ.
नऊची रेघ नाही.
विचारायचं नाही, असं ठरवलं.

शेवटच्या रात्री अकराला फोन:
"मॅडम, आज नल आते. चार बजे.
अब आठ दिन नई आते, भर लेना, हौ?"
मला तर सातची बस.
माझ्यापुरती अर्धी बादली पुष्कळ.

तरी उठले.
आधी नळातून नुसती हवा, खोकल्यासारखी,
मग गढूळ, मग पाणी.
बोळातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू.
समोरच्या खिडकीतून एक बाई,
"आलं का तुमच्याकडं?"
"आलं," म्हणाले मी,
जशी काही इथंच नांदते.

दोन ड्रम, तीन कळशा,
शेवटी चहाचं पातेलंसुद्धा.
शुक्रवारी कुणीतरी येईल,
तोंड धुवेल, कुणी भरलं विचारणार नाही.

निघताना तोल सावरायला भिंतीवर हात टेकला,
ओलाच,
रेघांच्या जरा वर.
वाळेल, बस सुटायच्या आत.