पाहणाऱ्याचा रकाना

दशरथ कुदळे, निवृत्त कालवा निरीक्षक,
दर बुधवारी लोणी काळभोरहून येतात
पिशवीत पक्षी घेऊन.
म्हणजे पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या,
पाठकोऱ्या,
आणि त्या पाठीवर जिल्ह्यात कधीमधी दिसलेलं
एकेक पाखरू.

नारायण पेठेत, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांखाली
माझा कॉम्प्युटर. मी टाइप करते.
मला पक्षी म्हणजे कबुतर, कावळा,
आणि आरशात स्वतःशीच भांडणारा तो शिंजीर,
जो शिंजीर असतो
हेही मला त्यांनीच सांगितलं.

रकाने चार. नाव, ठिकाण, महिना, पाहणारा.

काळा करकोचा. वीर धरण, गाळपेरात. जानेवारी.
पाहणारा : बिरा कोकरे, मेंढरांसह.
तिबोटी खंड्या. ताम्हिणीचा ओढा, जुलै.
पाहणारी : चहाच्या टपरीवरची मुलगी,
ती म्हणाली, लिमलेटची गोळी उडाली.
शृंगी घुबड. वेताळ टेकडी, खाणीचा कडा.
पाहणारे : तिघे, पण एकाचा कुत्रा आधी.
नवरंग. हिंजवडी, काचेच्या इमारतीखाली,
बुटाच्या खोक्यात, जिवंत.
पाहणारा : रात्रपाळीचा वॉचमन,
नाव विचारायचं राहिलं. (हे छापायचं, बाई.)

तणमोर. सासवडच्या पुढचा माळ,
गवत कमरेइतकं, ऑगस्ट.
दोन हात उंच उडाला, परत गवतात. एकच नोंद.
पाहणारा :

पाहणारा मोकळा का?
कुदळे चष्मा पुसत बसले.
अशा मोकळ्या चौकटी मी मोजल्या. एकसष्ट निघाल्या.

आणि त्यांच्या हातचं ‘दुर्मिळ’.
प्रत्येक वेळी मी ऱ्हस्व.
मी प्रत्येक वेळी दीर्घ केला,
नियम आहे, काका, दुर्मीळ, मी दुसरा.
हसले. म्हणाले,
‘छापताना करा दीर्घ.
बघताना मात्र मी जरा ऱ्हस्वच लागतो.
नाहीतर उडतं ते.’

आता त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यात थेंब घालायचे असतात दिवसातून चारदा.
शेवटचं प्रूफ मीच पोचवायला निघाले,
पण आधी जेजुरीला चुलतबहिणीकडे जायचं होतं,
आणि दिवे घाटाच्या वर
एसटीचं टायर बसलं.

सगळे उतरले. कुणी मोबाइल, कुणी तंबाखू.
मी रस्त्यापलीकडे बघत होते, काही न बघता.
तर एक ढेकूळ पळालं.
थांबलं. ताठ झालं.
पुन्हा पळालं, चार पावलं, जणू कुणी हाक मारली
आणि नंतर वाटलं, नाही मारली.
मातीचाच रंग, पाय दुधाळ.
मी श्वास धरला. का, माहीत नाही.
मागून कंडक्टर म्हणाला, चला,
आणि तिथे फक्त माती होती.

कुदळेकाकांच्या ओसरीत मी सगळं सांगितलं,
हात पसरून, उभी राहून, थोडं पळूनसुद्धा.
त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.
भुवई पांढरी होती?
मानेमागे जाऊन मिळत होती?
छाती विटकरी? पोटावर काळा डाग?

पाय, मी म्हटलं. पाय दुधाळ होते.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
आत कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाले, धाविक असेल.
माळावर आता प्लॉटिंगचे दगड लागलेत, तरी असेल.
नसेलही. लिहा, पण प्रश्नचिन्ह द्या.

काल रात्री फाइल बंद करण्याआधी
एक ओळ वाढवली.
धाविक. दिवे घाटाच्या वर, फेब्रुवारी. प्रश्नचिन्ह.
चौथ्या रकान्यात माझं नाव टाइप केलं, पूर्ण,
वडिलांच्या नावासकट.
पाहिलं.
मग बॅकस्पेसवर बोट ठेवून
एकेक अक्षर मागे घेतलं.

बासष्ट.