दोन किलोच्या वर नाही

'पिशवी काढली' म्हणतात आमच्यात,
जशी खुंटीवरची काढावी
आणि भाजीबाजाराला निघावं.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात आहेर डॉक्टरांनी
लेटरपॅडच्या मागे पेनाने एक उलटं नासपतीचं फळ काढलं.
म्हणाल्या, आत जायला तीन वाटा.
पोट उघडून, खालून, नाहीतर दुर्बिणीने.
मी म्हटलं, परत यायची वाट सांगा.
त्या हसल्या नाहीत.
दार कुठलंही असो, म्हणाल्या,
आतला टाका सहा आठवडे घेतोच.

सोनोग्राफीत लिहिलेलं : आकार चौदा आठवड्यांचा.
बावीस वर्षांनी पुन्हा कुणीतरी
माझं पोट आठवड्यांत मोजलं.

सिडकोत आमच्या जिन्यावर
संध्याकाळी तिघी बसतो.
हिराबाई खैरनारांचं सिव्हिलमध्ये झालं, चौऱ्याण्णव साली,
बेंबीपासून खाली उभा चिरा.
दहा दिवस खाटेवर,
खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची.
पण घरी आल्यावर, सांगतात त्या,
दोन महिने सासूने तांब्यासुद्धा उचलू दिला नाही.
आल्यागेल्याला चिरा दाखवायची,
नवीन साडी दाखवावी तशी.

शाहीन पिंजारीचं खालून.
अंग बाहेर यायचं तिचं, तिसऱ्या बाळंतपणापासून,
आणि हे ती कुणाला सांगणार होती?
तिसऱ्या दिवशी घरी.
पोटावर ओरखडा नाही.
नणंद म्हणाली, झालं कुठे तुझं ऑपरेशन? दाखव.

कुठे दाखवणार.

आठव्या दिवशी ती लग्नाघरच्या पातेल्यावर
उलथनं घेऊन उभी होती. त्या रात्री रक्त गेलं.
हे सांगताना ती ओढणीची कड
बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते.

माझी चार भोकं.
एक तर बेंबीतच लपलं, राहिली तीन.
पोट कापलं आणि दुखला खांदा :
आत भरलेली हवा वर जाऊन अडकते म्हणे.
दुर्बीण म्हटलं की मला अजून गच्चीवरचे तारेच आठवतात.
काय दिसलं असेल त्यांना तिथे, एवढ्या जवळून?
नवऱ्याने डबा तपासायला नेला,
स्कूटरच्या हुकला अडकवून,
पिशवीत पिशवी, कॉलेज रोडच्या लॅबपर्यंत.
रिपोर्ट आला, वजन चारशे दहा ग्रॅम.
तो वाचत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघत होते.

मग फोनवर सगळ्यांना :
फक्त चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी!
गाडीचं ॲव्हरेज सांगावं तसा आवाज.
आणि तिसऱ्या आठवड्यात, अगदी प्रेमाने,
'आता बरंच वाटतंय ना तुला?'
गॅसचं सिलेंडर दारात उभं होतं.

टाक्याच्या लांबीवर सुट्टी मोजतात घरात.
हिराबाईंची वीतभर, म्हणून दोन महिने.
शाहीनची शून्य.
माझी तीन पट्ट्यांची, तीही आंघोळीत सुटत चालली.

निफाडच्या जाऊबाईंनी द्राक्षांची पेटी पाठवली.
पुठ्ठ्यावर छापलेलं, निव्वळ वजन दोन किलो.
डॉक्टरांनी सांगितलेलं, दोन किलोच्या वर काही नाही.
मी ती दोन्ही हातांनी उचलली,
टेबलापासून ओट्यापर्यंत,
आणि पुठ्ठ्याचं वजन धरायचं की नाही
यावर थोडा वेळ विचार करत उभी राहिले.

कपाटात पॅडचं अर्धं पाकीट उरलंय.
पुतणीला देईन. किंवा नाही देणार.
सध्या राहू दे.

पहाटे साडेपाचला नळ येतो.
बावीस वर्षं त्याच्या पहिल्या खरखरीला
माझे पाय फरशीवर असायचे.
आज ऐकत पडले.
पाणी बादलीत पडतंय,
बादली भरली,
आता वरून वाहतंय.
अंधारात तो उठला,
कशाला तरी ठेचकाळला,
आणि स्वयंपाकघरातून विचारलं,
हंड्याचं झाकण कुठे ठेवतेस गं?

मी लगेच सांगितलं नाही.