बाद फ्रेम

कुताइसीत जानेवारीत वीज दोनदा जाते,
म्हणून नाझिब्रोला आधी चहा उरकून घेते,
मग बोकड हलवते. केसभर.
"घे," म्हणते. मी कळ दाबतो.

लोकरीचा बोकड, पोटात तांब्याची तार.
जुना कॅमेरा, त्याहून जुना संगणक,
त्यावर लिनक्स, तिच्या पुतण्याने, गोचाने बसवून दिलेलं.
जाताना म्हणाला होता, बिघडलं तर उघडून बघा,
यात कुलूप कशालाच नाही.

सेकंदाला बारा.
पूल ओलांडायला बोकडाला अख्खा हिवाळा लागतोय,
आणि पूल तो केवढा, वीतभर.

काल काळ्या खिडकीत एकच ओळ उमटली:
डिस्कवर जागा शिल्लक नाही.
काहीतरी पुसायला हवं होतं.
'बाद' नावाचा फोल्डर उघडला,
चुकून तिचा हात आलेली सगळी चित्रं. सहाशे अकरा.
पुसण्याआधी, उगाच, ओळीने जोडून चालवली.

बोकड जागच्या जागी थरथरतो
आणि हात येतो, जातो, येतो.
नखांना रंग आहे. मग नाही.
मग अंगठ्याला पट्टी, पट्टीला चिकटलेली लोकर,
मग बोटात अंगठी नाही.

ती मागे उभी, चष्मा पुसत.
"साबण लावून काढली. विकली," म्हणाली.
"हा दिवा काय आकाशातून पडला वाटलं तुला?"

शेवटी मी गोचाचे खेळ पुसले.

"घे," ती म्हणाली,
आणि वीज गेली.
बोकडाचा पुढचा पाय हवेत होता.
त्याला कसली घाई.