हजेरी

मी बर्फ करतो.
मॅनिटोबात, विलोबेंड नावाच्या गावात, कर्लिंगच्या रिंकवर,
हा एकतिसावा हिवाळा.
आधी फरशी गोठवायची, मग पाण्याचे पातळ थर, एकावर एक;
घाई केली की तडा जातो.
शेवटी पाठीवर टाकी घेऊन उलटं चालत
गरम पाण्याचे थेंब शिंपडायचे, म्हणजे दगड घसरतो.
अगदी सपाट बर्फावर तो अडतो,
हे लोकांना खरं वाटत नाही.

रोडेलियो मागबानुआ आला तेव्हा उणे चौतीस होतं.
पायात डुकरांच्या कारखान्यातले रबरी बूट, काखेत थर्मास.
म्हणाला, वरची खोली रविवारी मिळेल का? चर्च लावायचंय.
मी म्हटलं, चर्च बांधतात. लावतात ते बटाटे.
तो म्हणाला, बांधायला पैसे लागतात.
लावायला गुडघे.

पगारी काम होतं ते. मला ठाऊकच नव्हतं
की याचीही मुलाखत असते,
विचारतात, एकटेपणा किती सोसाल,
आणि बायकोला वेगळं बसवून, हा घरी चिडतो का.
तीन वर्षांचं अनुदान, दरवर्षी तिसरा हिस्सा कमी.
उरलेलं पोट कारखान्यात भरायचं.
आणि विनिपेगच्या कचेरीतून आलेला छापील तक्ता:
तारीख, उपस्थिती, वर्गणी, शेरा.
दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी दहा,
नाहीतर गाशा गुंडाळा.

खुर्च्या तो वीस मांडायचा. नेहमी वीस.
माणसं यायची रात्रपाळी उरकून:
त्याची होविता, वृद्धाश्रमातून थेट, अंगाला डेटॉलचा वास;
इफेयिन्वा, दोन्ही खांद्यांवर एकेक झोपलेलं पोर;
म्हातारा ह्रित्साक, कोट न काढता मागे बसणारा,
त्याला फक्त कॉफी हवी असायची
आणि तो ते लपवायचाही नाही.
गाणी बेसूर. मध्येच खालून
वीस किलोचा दगड दगडावर आदळे, ठण्ण,
रोडेलियो प्रार्थना थांबवून त्याला आमेन म्हणे,
आणि पुढे चालू.

आठवडाभर तो काय करायचा?
थिजलेल्या गाड्यांना बॅटरीच्या तारा लावायचा.
कुणाच्या व्हिसाचे कागद, कुणाच्या डायलिसिसला सोबत.
यातलं काही तक्त्यात बसत नव्हतं.

मी दारात उभा असायचो, झाडू घेऊन.
श्रद्धा वगैरे नाही.
आमच्याकडे चर्च म्हणजे मयत आणि नंतरची सँडविचेस.
हीटरची ऊब दारापाशी चांगली लागते, एवढंच.

दुसऱ्या मार्चात अनुदान बंद झालं.
थोडक्यात हुकलं, होविता म्हणाली, आणि पुढे बोलली नाही.
आल्बर्टात कुठेतरी नवा कारखाना, नवं गाव,
तिथे पुन्हा पहिल्यापासून, या वेळी पगाराशिवाय.
किल्ली इफेयिन्वाकडे.
ती रविवारी खोली उघडते अजून,
खुर्च्या मात्र मोजूनच मांडते.

एप्रिलात बर्फ काढताना कपाट आवरलं,
कॉफीच्या फिल्टरांखाली तक्त्यांच्या कार्बनप्रती.
उपस्थितीचा रकाना. दहा. दहावर काट. नऊ.
पुढचा रविवार: दहा, काट, नऊ.
पानामागून पान, कधी आठही, वादळाच्या दिवशी चार,
पण काट सगळीकडे.
पहिल्याच पानावर, शेऱ्यात, त्याच्या तिरप्या अक्षरात:
एक जण दारात उभा असतो.
आत आलेला नाही.
त्याला न विचारता मोजणं बरं नव्हे.

मग विचारायचं होतंस ना, गाढवा.
मी काय म्हटलं असतं, ते सोड.

ऑक्टोबरात फरशी पुन्हा गोठवली. थर घातले, सावकाश.
रविवारी वर गेलो.
दारात उभं राहिलो की आता
झाडू कुठे ठेवावा ते कळत नाही.