डावा खांदा अर्धा इंच खाली

मोदी नंबर तीनमध्ये आमचं दुकान होतं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.
मापाची वही मात्र माझ्याकडे आहे,
सन एकाहत्तर, लाल कापडी पुठ्ठा,
पान अठ्ठेचाळीस:

श. उमाठे, अजनी. कोट-पँट, राखाडी टेरिकॉट.
छाती अडतीस, कंबर तीस,
बाही सव्वाचोवीस,
आणि कोपऱ्यात बाबांच्या बारीक अक्षरात
डावा खांदा अर्धा इंच खाली.

टेप मी धरली होती, सोळा वर्षांचा होतो,
आकडे मोठ्याने सांगायचं काम माझं.
शरूभाऊ हात पसरून आरशासमोर उभा.
बाबा म्हणाले, हल्ली मोहरी बावीसची चालते.
"बावीस! मास्तर, पाय अडकतीन न कॉकपिटात!"
मग स्वतःच म्हणाला, बरं, करा बावीस,
ताईच्या लग्नातच तर घालायची आहे,
माघात. ट्रायलला संक्रांतीच्या सुटीत येतो.

शाळेत असताना दिवाळीच्या गर्दीत
तो आमच्याकडे काजं करायला यायचा,
एका काजाचा एक पैसा.
मी चिंध्यांच्या गाठोड्यावर झोपलेला, अर्धा जागा.
मध्यरात्र उलटली की सोनेगावकडे
टपालाची विमानं उतरायची,
चार दिशांची चार,
पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेआधी माघारी.
सुई हवेत थांबवून तो सांगायचा,
हे मद्रासचं.
हे दिल्लीचं, आज उशीर केला यानं.
कलकत्त्याचं अजून यायचं आहे.
बाबा म्हणायचे, काज बघ, काज.

डिसेंबरात दुकानाच्या काचेला आम्ही काळा कागद लावला.
कोट अर्धा झाला होता, पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेला,
गळ्यापाशी खडूची खूण.
कुणीतरी अजनीहून सांगत आलं,
उमाठ्यांकडे तार आली.
बेपत्ता, असा शब्द होता तारेत.
बाबांनी मशीनवरचा पाय काढला नाही,
पण चाक फिरत नव्हतं.

लग्न झालं, वाजंत्रीशिवाय.
त्यानंतर एका संध्याकाळी त्याचे वडील आले,
लोको शेडमधून थेट, हाताला ग्रीस,
म्हणून कोटाला हात लावला नाही त्यांनी,
नुसते वाकून पाहत राहिले,
वास घेतल्यासारखे.
कच्चं झालंय, बाबा म्हणाले, ट्रायल राहिली.
"बातमीही कच्चीच आहे अजून, मास्तर.
पक्की आली का सांगतो.
तोवर शिवण अशीच राहू द्या."

ते पुन्हा आले नाहीत. बातमीही आली नाही.

कपडे दिले की वहीत नावावर रेघ मारायची,
हा बाबांचा नियम.
अठ्ठेचाळीसाव्या पानावर सात नावं,
सहांवर रेघ.
वाळवीनं एकदा कडा खाल्ली
तेव्हा मी ते पान नव्या वहीत उतरवून घेतलं,
नियमाप्रमाणे फक्त तेवढंच एक नाव,
पाव इंचही इकडचा तिकडे न करता.
शरीर सापडलं नाही म्हणतात.
माझ्याकडे त्याचं गळ्यापासून मोहरीपर्यंत सगळं आहे,
मोहरी बावीस.

टपालाची विमानं दोन-तीन वर्षांत बंद झाली.
आता रात्रभर येतात, दर अर्ध्या तासाला,
आणि मला एकही ओळखता येत नाही.

मागच्या महिन्यात रिंग रोडच्या एका चौकात
त्याचा अर्धपुतळा बसवला.
मी गर्दी ओसरल्यावर गेलो, टळटळीत दुपारी,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
चेहरा बराच जमला आहे. मिशी थोडी जास्त.
खांदे मात्र दोन्ही एका रेषेत.
मूर्तिकाराची चूक नाही,
त्याला फोटो दिला असणार,
आणि फोटोत माणूस ताठ उभा राहतो.

किती वेळ उभा होतो कोण जाणे,
हात खिशातल्या टेपवर.
स्कूटीवरची एक पोरगी थांबली,
"आजोबा, रस्ता ओलांडायचा आहे का?"
नाही गं, म्हटलं,
एक ट्रायल राहिली आहे.